वाकळीचा रविवार

सोलापूरला थंडीत सणांची वानवा नाही. वेळा अमावस्या आली की निम्मं शहर शेतात जातं. कडब्याची खोप उभारून पूजा होते आणि भज्जी-आंबिलीवर पंगती उठतात. जानेवारीत १२ तारखेला स्वातंत्र्यलढ्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचं स्मरण होतं आणि त्याला लागूनच ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. एवढं असताना डिसेंबरातल्या एका रविवारी गल्लीने मिळून वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी, शिवायचा नवा सण मी सुचवतो आहे. हिवाळ्यात आणखी एक दिवस कशाला हवा, असं कुणीही विचारेल.

हवा अशासाठी की या सगळ्यात कापड कुठेच नाही. १८७७ मध्ये इथे पहिली गिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्व भागातल्या पेठा वसवल्या. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं. पण ज्या ऋतूत ही चादर अंगावर येते, त्या ऋतूत तिच्या नावाचा दिवस नाही. पद्मशालींचे कुलपुरुष मार्कंडेय यांचा रथ निघतो तो श्रावणात. यंत्रमागाची पूजा होते ती दसऱ्याला, आणि तीही ज्याची त्याच्या कारखान्यात. ज्यांच्या घरी माग नाही, पण ज्यांची उभी हयात विडी वळण्यात, युनिफॉर्म शिवण्यात किंवा टॉवेलच्या कडा दुमडण्यात गेली, त्यांना त्या पूजेत जागा नसते.

नवा दिवस कसा असावा, याचं उत्तर मला गड्ड्याच्या यात्रेत सापडतं. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, शहराभोवतीच्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता पडतात. ते पाहायला लाखो लोक येतात. पण यात्रा टिकली ती पाहणाऱ्यांमुळे नव्हे. नंदीध्वज पेलायला महिनोन्‌महिने सराव करावा लागतो, आणि हे ध्वज पेलण्याचा मान निरनिराळ्या समाजांकडे वाटलेला आहे. मान म्हणजे हार आणि नारळ एवढंच नाही, ठरलेल्या दिवशी ठरलेलं ओझं खांद्यावर घेणं आहे. ज्याच्याकडे काम आहे तो येतोच, आणि पुढच्या वर्षी पोरालाही घेऊन येतो. ज्याच्याकडे फक्त आमंत्रण आहे त्याला त्या दिवशी नेमकं दुसरं काहीतरी निघतं. नवा सण बांधायचा तर आधी कामं मोजायची आणि ती घरागणिक वाटायची. कार्यक्रमपत्रिका सगळ्यात शेवटी. नसली तरी चालेल.

सण नव्याने बसवता येतो का, ही शंका फोल आहे. घरातला गणपती चौकात आला आणि १८९३ नंतर टिळकांमुळे गावोगाव पसरला, ही काही पुराणातली गोष्ट नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा क्वांझा हा हिवाळी सण तर मौलाना करेंगा यांनी १९६६ मध्ये ठरवून सुरू केला. २६ डिसेंबर ते १ जानेवारी असे सात दिवस, प्रत्येक दिवसाला एक तत्त्व. तिसरा दिवस एकत्र कामाचा, सहावा सर्जनशीलतेचा. भेटी शक्यतो हाताने केलेल्या द्याव्यात असा संकेत आहे, आणि सगळी मांडणी एका विणलेल्या चटईवर होते. हा सण घरात, जेवणाच्या टेबलावर साजरा करता येतो, त्याला मैदान लागत नाही. तो टिकण्यात याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

असा घरा-अंगणात मावणारा सण एखाद्या वस्तूभोवती बांधावा लागतो. सोलापुरासाठी माझ्या मते ती वस्तू वाकळ आहे. कानडी घरात तिला कौदी म्हणतात, तेलुगू घरात बोंता. शिवायची रीत थोडी इकडेतिकडे, पण धावदोरा तोच. कच्चा माल फुकट आहे. यंत्रमागाची कात्रणं, सेकंड मालाचे तुकडे, युनिफॉर्मच्या कारखान्यातल्या चिंध्या आणि दिवाळीच्या आवराआवरीत निघालेल्या सुती साड्या. एकट्या बाईला वाकळ पुरी करायला कित्येक दुपारी लागतात. आठ जण गोल बसले तर एका दिवसात होते. सणाला असं काम हवं, जे एकट्याने रेंगाळतं आणि चौघांत झपाट्याने उरकतं.

आता मापं. वाकळ पाच फूट बाय सात फूट धरावी. बारा इंची चौकोन घेतले तर आडवे पाच आणि उभे सात, म्हणजे ३५ चौकोन होतात. एका गल्लीत, चाळीत किंवा अपार्टमेंटमध्ये साधारण तेवढीच घरं असतात. एका घराचा एक चौकोन. घरं तीसच असतील तर पाच चौकोन मुलांना द्यावेत. चाळीस असतील तर माप वाढवू नये, त्यांतल्या दहा घरांनी दोन-दोन मिळून एक करावा. माप वाढलं की मधल्या भागापर्यंत हात पोचत नाही आणि वाकळीवर चढून बसावं लागतं.

प्रत्येक घराला आपल्या मनाने चौकोन कापून आणायला सांगितलं तर कामाचा विचका होतो. कुणाचा साडेअकरा इंच येतो, कुणाचा तेरा, कुणाचा तिरका. म्हणून पाया एकाच्याच हातचा असावा. ४४ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, मांजरपाट (कोरं सुती कापड) साडेचार मीटर आणायचं, रात्रभर भिजत घालायचं, खळ काढून वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच तेरा इंचाचे चौकोन कापायचे. पन्ह्यात तीन बसतात, बारा ओळींत ३५ होऊन एक उरतो. बाराच्या वरचा एक इंच शिवणीचा, चहूबाजूंनी अर्धा-अर्धा. ती अर्ध्या इंचाची रेघ पेन्सिलने प्रत्येक चौकोनावर आखूनच द्यावी. आखली नाही तर लोक कडेपर्यंत नक्षी आणतात आणि जोडताना मोराची मान शिवणीत जाते. कोरं मांजरपाट न भिजवता कापलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरची जुनी ठिगळं आटत नाहीत, आणि अख्खी वाकळ चुरगळल्यासारखी फुगते. हे भिजवणं, मोजणं आणि कापणं म्हणजे मापाचा मान. तो वर्षाला एकाच घराकडे असावा. कुणाकडे, ते पुढे सांगतो.

चौकोनावर काय करायचं याला मोकळीक ठेवावी: ठिगळकाम, कशिदा, नुसत्या पट्ट्या, मुलाने काढलेल्या चित्रावरून घातलेले टाके. कापडांचे स्वभाव मात्र आधी सांगून ठेवावेत. चादरीचा तुकडा दिसतो देखणा, पण तिचं सूत जाड असतं आणि कापल्या बरोबर कड उसवायला लागते. कडा आत दुमडून तो चौकोनाच्या मधोमध लावावा, शिवणीच्या रेघेपासून इंचभर आत. रेघेवर आला तर दोन चौकोनांच्या सांध्यात चादरीचे चार पदर जमतात आणि मशीनची सुई मोडते. टॉवेल कापला की त्याचे फासे सुटतात आणि घरभर लव उडते. म्हणून टॉवेलची फासे नसलेली सपाट किनार तेवढी घ्यावी. युनिफॉर्मचं टेरीकॉट निसटतं आणि कडक इस्त्रीने चकाकतं. पट्टीपुरतं ठीक आहे, पूर्ण चौकोन त्याचा नको.

रंग सुटण्याची परीक्षा सुती कापडाची प्रत्येकाने घरीच करावी. तुकड्याचा कोपरा ओला करायचा, पांढऱ्या फडक्यात दाबायचा आणि वरून गरम इस्त्री फिरवायची. फडक्यावर डाग उतरला तर कापड दोन-तीनदा धुवावं. तरीही उतरत असेल तर ते सोडून द्यावं, कितीही आवडतं असो. लाल, गडद निळा आणि काळा हे नेहमीचे गुन्हेगार. मीठ-तुरटीच्या पाण्यावर विसंबू नये. एका घराचा लाल रंग शेजारच्या चार घरांच्या चौकोनांवर पसरला तर त्याची आठवण वाकळ फाटेपर्यंत राहते, आणि ते बोलणं त्या घराला ऐकावं लागतं.

मोकळीक म्हटली तरी एक बंधन मी आग्रहाने घालीन. चौकोनावर देव नको, महापुरुषांची चित्रं नकोत, झेंडे आणि पक्षांची चिन्हं नकोत. वाकळ पांघरली जाते, अंथरली जाते, पायाखाली येते, तिच्यावर बाळ मुततं. ज्या गोष्टीचा अपमान होऊ शकतो ती तिच्यावर ठेवूच नये. हे पहिल्याच दिवशी, चौकोन हातात देताना सांगायचं. चौकोन शिवून आल्यावर नाकारणं फार जिव्हारी लागतं.

चौकोन दिवाळीनंतर वाटावेत आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी परत घ्यावेत. आले की ते जमिनीवर मांडून पाहायचे. मांडणीचा मान मुलांना द्यावा. त्यांना एकच नियम सांगायचा, दोन गडद चौकोन शेजारी नकोत. मग शिलाई मशीनवर पाच-पाच चौकोनांच्या सात ओळी करायच्या. एका ओळीची शिवण उजवीकडे इस्त्री केली तर पुढच्या ओळीची डावीकडे, म्हणजे जोडावर गाठोडं होत नाही. प्रत्येक ओळ फुटपट्टीने मोजूनच पुढे जावं. शिवणीत चौकोनामागे पाव इंच इकडेतिकडे झालं की सात चौकोनांत पावणेदोन इंचांचा फरक पडतो, आणि वाकळ एका अंगाला ओढल्यासारखी दिसते.

आतल्या थरांना साड्या. एक पाचवारी साडी साधारण अठरा फूट भरते आणि तिचा पन्हा ४४ इंच असतो. तिचे पाच-पाच फुटांचे तीन तुकडे होतात. दोन तुकडे शेजारी ठेवून मध्ये चार इंच एकावर एक घेतले की बरोबर सात फूट भरतात. म्हणजे दोन साड्यांत सहा तुकडे आणि तीन थर. इथे एक खुबी आहे. तिन्ही थरांचा सांधा मधोमध आला तर झोपणाऱ्याच्या कंबरेखाली वळी येते. म्हणून मधल्या थरात एक अख्खा तुकडा मध्ये ठेवायचा आणि दुसरा उभा फाडून अर्धा-अर्धा दोन टोकांना लावायचा. साड्या बिनजरीच्या घ्याव्यात. जर सुईला अडते आणि अंगाला टोचते. फॉल उसवून टाकावा.

खालच्या अस्तराला अख्खी सोलापुरी चादर लावायचा मोह होतो, गावाचा अभिमान म्हणून. तो आवरावा. आत तीन थर आणि खाली चादर अशा जाडीतून हाताची सुई जाता जात नाही. शिवाय दोन-सव्वादोन किलोंची वाकळ तीन किलोंच्या वर जाते आणि ओली झाली की दोघांनाही उचलत नाही. जुनी डबल बेडशीट चांगली. ती ६६ बाय ९० इंच कापायची, म्हणजे चहूबाजूंना तीन इंच जास्तीचं राहतं आणि तेच वर दुमडून काठ होतो.

आता तो रविवार. सकाळी ऊन अंगणात आलं, दव वाळलं की ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, तिच्यावर अस्तर उलटं पसरायचं. त्यावर साड्यांचे थर आणि सर्वांत वर चौकोनांचा पदर. प्रत्येक थर टाकला की दोघांनी समोरासमोर धरून झटकायचा आणि तळव्याने मधून कडेकडे सपाट करायचा. मग टाचण. मोठ्या कच्च्या टाक्यांच्या रेघा, वीत-वीत अंतरावर, मध्यापासून सुरू करून कडेला संपवायच्या. टाचण करायचा कंटाळा हे वाकळ बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. पक्का धावदोरा कडेकडून आत जातो. थर बांधलेले नसतील तर सगळा सैलपणा पुढे-पुढे सरकत मध्यावर जमतो आणि तिथे जो फुगा येतो तो उसवल्याशिवाय जात नाही.

लांब बाजूंना तीन-तीन, आखूड बाजूंना एक-एक असे आठ जण बसतात. कडेपासून दोन बोटांवर पहिली रेघ, तिच्या आत दोन बोटांवर दुसरी, असं चौकटीत चौकट करत मध्यापर्यंत. टाका जोंधळ्याच्या दाण्याएवढा, आणि दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. सगळ्या रेघा मिळून ऐंशी-पंच्याऐंशी मीटर होतात, टाके दहा हजारांच्या घरात. जेवणाची सुट्टी धरून आठ हातांना दिवस पुरतो, पण मुद्दाम दर तासाला बसणारे बदलावेत, म्हणजे दिवसभरात पन्नासएक जणांचा हात लागतो. कुणाचा टाका बारीक, कुणाचा लांब, कुणाचा वाकडा. वाकडा टाका उसवू नये. फक्त इंचापेक्षा लांब असेल तर पायाच्या बोटात अडकतो, तेवढा पुन्हा घालावा.

दोरा मागावरचं दोन पदरी सुती सूत, मेणावरून ओढलेलं, हातभरच लांब. लांब घेतला की गुंता होतो आणि थरांतून घासून-घासून त्याला लव सुटते. सुरुवातीची गाठ थरांच्या आत ओढून घ्यावी, वर दिसू देऊ नये; वर राहिलेली गाठ धुताना आधी तुटते. आणि सर्वांत नेहमीचा घोळ म्हणजे वाकळीबरोबर खालची सतरंजीही शिवली जाणं. त्याला उपाय साधा आहे: जिथे हात चालू आहे तिथे वाकळीखाली स्टीलचं ताट सरकवायचं. सुई ताटाला लागली की खट् आवाज होतो आणि शिवणाऱ्याला तळ कळतो.

दोऱ्याचा मान शाळकरी पोरांना. आज्यांचे हात अजून भरभर चालतात, पण सुईचं नाक दिसत नाही. दोन पोरांनी दिवसभर सुया ओवून उशीवर टोचून ठेवाव्यात. संध्याकाळी त्या मोजून घ्याव्यात. सकाळी वीस दिल्या तर वीसच परत यायला हव्यात, एकही वाकळीत राहता कामा नये.

पुरुषांनी शिवायचं का? शिवायचंच. या शहरात माग चालवणारे, शिलाई करणारे पुरुष घरोघरी आहेत, सुई त्यांना परकी नाही. आणि स्वयंपाक त्या दिवशी पूर्ण त्यांच्याकडे. फार काही लागत नाही. कडक भाकरी आधीच आणून ठेवता येते, दिवसेंदिवस टिकते. सोबत शेंगाचटणी, दही, कांदा आणि गुळाचा खडा. हुरडा त्या सुमारास नुकता कुठे लागतो, त्यावर भिस्त ठेवू नये. जेवण मात्र वाकळीपासून लांब, आणि परत बसण्याआधी साबणाने हात धुवायचे. शेंगाचटणीच्या तेलाचा लाल डाग मांजरपाटावरून निघत नाही.

दिवे लागायच्या सुमाराला काठ दुमडून शिवला की वाकळ दोरीवर टांगायची आणि एकेका घराने आपला चौकोन सांगायचा. कापड कुठलं, कुणाचं, त्यावर काय आहे. दोन-तीन वाक्यं, ज्या भाषेत घरात बोलतात त्या भाषेत: मराठी, तेलुगू, कानडी, दखनी. भाषांतर लागत नाही, सोलापूरकराला ऐकून-ऐकून पुरेसं कळतं. माइक लावू नये. ३५ घरांना पुरेल एवढा आवाज माणसाच्या गळ्यात असतो, आणि माइक आला की त्याच्यामागे सूत्रसंचालक येतो.

ही वाकळ आपल्या गल्लीत ठेवायची नाही, हा या सणाचा कणा आहे. दोन गल्ल्यांची जोडी लावायची, शक्यतो दोन वेगळ्या भागांतल्या: एक साखर पेठेतली तर दुसरी विजापूर रोडवरची. दोघींनी वाकळी बदलायच्या. आलेली वाकळ कुणाला द्यायची ते चिठ्ठी ठरवील. ‘गरजूला द्या’ असं लगेच सुचवलं जातं, भावनाही चांगली असते, पण ३५ घरांसमोर एका घराला गरजू ठरवणं मला पटत नाही. अशी मिळालेली वस्तू माणूस वापरत नाही, माळ्यावर टाकतो. चिठ्ठीत सगळे सारखे. ज्या घराला वाकळ मिळाली त्याच्याकडे पुढच्या वर्षीचा मापाचा मान. म्हणजे घेणं आणि करणं एकाच घरी येतं, आणि सण पुढच्या वर्षी कुणी सुरू करायचा हा प्रश्न उरत नाही.

वर्गणी नको. मांजरपाट, सूत, सुया, चहा आणि जेवण धरून खर्च अडीच हजारांपुढे जाऊ देऊ नये. मापाच्या घराने यादी करावी आणि घरागणिक सत्तर-ऐंशी रुपये घ्यावेत. बक्षीस तर मुळीच नको. उत्कृष्ट चौकोनाला पहिला नंबर दिला की दुसऱ्या वर्षी निम्मे चौकोन बाहेरून शिवून येतात. आणि एखादा कारखानदार मोठ्या मनाने म्हणेल, ३५ चादरी मी देतो, कशाला एवढा खटाटोप. त्याला आदराने नाही म्हणावं आणि पोतंभर कात्रणं मागावीत.

तारीख मी अशी धरीन: २१ डिसेंबर रविवारी आला तर तोच, नाहीतर त्याच्या लगेच आधीचा रविवार. वर्षातली सर्वांत मोठी रात्र त्याच सुमाराला असते, सोलापुरात जवळजवळ तेरा तासांची, आणि खरी थंडी त्याच्या पुढे पडते, म्हणजे वाकळ वेळेवर हातात येते. तिथीवर दिवस ठेवला तर तो वारावर बसत नाही आणि कामगारांना सुट्टी मिळत नाही. वेळा अमावस्या मात्र फिरती आहे, कधी डिसेंबरच्या मध्यावर तर कधी जानेवारीत. ती त्याच रविवारी किंवा एक दिवस मागेपुढे आली तर वाकळीने एक आठवडा आधी सरकायचं. जुन्या सणाला नव्याने वाट द्यावी. जानेवारी नकोच, १२ तारीख हुतात्म्यांची आहे आणि पुढचे दिवस सिद्धरामेश्वरांचे.

मिळालेल्या घराने पहिला महिना वाकळ धुऊ नये. मग थंड पाण्यात, न पिळता, आणि एका दोरीवर नव्हे तर हातभर अंतराच्या दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. एकाच दोरीवर पाण्याचं सगळं वजन मधल्या शिवणीवर येतं आणि ती तटकते. दर दोन-तीन वर्षांनी ती त्याच रविवारी दुरुस्तीला आणावी. एखाद्या घराचा चौकोन विरला असेल तर त्याच घराने वरून नवं ठिगळ लावून द्यावं, जुनं काढू नये.

पहिल्या वर्षी दोनच गल्ल्या पुरेत. सात-आठ गल्ल्या एकदम घेतल्या तर चौकोन गोळा करणंच जमत नाही, आणि अर्धवट राहिलेल्या वाकळीचा ढीग पाहून पुढच्या वर्षी कुणी पुढे येत नाही. साड्या दिवाळीच्या आवराआवरीतच बाजूला काढून घ्याव्यात. नंतर त्या भांडीवालीकडे जातात. आणि ओळी जोडून देणाऱ्या शिंप्याला नोव्हेंबरातच सांगून ठेवावं, कारण डिसेंबरात त्याच्या मशीनवर शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे असतात.